चकमकमामांचा न उडालेला बार

आमच्या चकमकमामांना जगातल्या प्रत्येक वस्तूची जुनी किंमत तोंडपाठ होती, आणि नवी किंमत कळली की भर रस्त्यात कुणीतरी आपल्या कानाखाली वाजवली असं त्यांना वाटायचं. इथे आखातात, अल कुसैसला, त्यांच्या इमारतीखाली एक कॅफेटेरिया आहे. तिथला एक दिरहमचा करक चहा एका सकाळी दीड दिरहम झाला. मामांनी कप उजेडात धरला, खालून पाहिला, वरून पाहिला आणि काउंटरमागच्या माणसाला विचारलं,

"चाय वही है?"

"वही है, चाचा."

"कप वही?"

"वही."

"दूध, शक्कर, पानी, तू... सब वही?"

"सब वही, चाचा."

"फिर बढ़ा क्या?"

"रेट," तो बिचारा म्हणाला.

मामांनी पैसे ठेवले, चहा तसाच ठेवला आणि "छत्तीस रुपये! गरम पाण्याचे छत्तीस रुपये!" असं मराठीत ओरडत ते रस्ता ओलांडून गेले. मी मागे उरलो. मामांचा चहा मी प्यायलो. फुकट गेला असता.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मूळचे कुडाळकडचे. एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं. आमच्या अल नहदाच्या टॉवरांमधल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या ओळखीच्या होत्या. लिफ्ट बंद पडली आणि बाहेरून मामांचा आवाज ऐकू आला, की आत अडकलेल्या माणसांना आतच बरं वाटायचं. "चौदा माणसांच्या लिफ्टमध्ये सोळा का चढलात? गणित शिकवलं नाही का कोणी?" हे ते आधी विचारायचे. दार नंतर उघडायचे.

असा हा माणूस शनिवार आला की शांत होण्यासाठी बंदूक उडवायला जायचा. चेष्टा नाही. शारजाच्या बाहेर वाळवंटाच्या रस्त्याला एक नेमबाजीचा क्लब आहे. तिथे मामांची स्वतःची, रीतसर परवान्याची, लांब नळीची चकमकीची बंदूक होती. घरी आणायची परवानगी नव्हती, ती क्लबच्याच कपाटात कुलुपात राहायची. ही बंदूक म्हणजे आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची आजी. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासायची. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून चकमकीचा दगड आवळायचा. चाप ओढला की घोडा पडतो, दगड पोलादी झडपेवर घासतो, ठिणग्या खालच्या चिमूटभर दारूवर पडतात. ती भुर्र करून पेटते, तिची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जाते आणि मग बार होतो. एवढा सगळा प्रपंच एका गोळीसाठी. "दारू महाग झाली रे, जगणं कठीण झालं," असं मामा फोनवर ओरडायचे, तेव्हा माझ्या पुण्याच्या सासूबाईंचा काय समज झाला असेल ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

हे वेड लहानपणचं. मामांच्या आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात शिरली की आजोबा रात्री एक बार काढायचे. मामांना हात लावू देत नसत, फक्त गज धरायला देत. दर निवडणुकीला ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निवडणूक झाली की परत यायची. एकदा आली ती गंजून आली, आणि त्यानंतरच्या निवडणुकीला गेली ती आलीच नाही. "सरकार बदललं, बंदूक राहिली तिकडेच," मामा म्हणायचे. गज मात्र बरीच वर्षं घरात होता. त्याने आई नारळाच्या झावळ्यांवरचे सरडे हाकलायची.

क्लबवर मामांना पाहिलं तर ओळखू येत नसत. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढणं आणि बार होणं यांत एक फट असते. अगदी छोटी, पण असते. माणूस त्या फटीतच हलतो आणि गोळी भलतीकडे जाते. मामा त्या फटीत दगडासारखे स्थिर राहायचे. चाप ओढायचे, डोळ्यांसमोर ठिणग्या उडायच्या, नाकाशी धूर व्हायचा, आणि या माणसाची पापणी लवत नसे. "भाच्या," ते एकदा नळी पुसता पुसता म्हणाले, "आठवडाभरात मी शांत असतो तो एवढाच वेळ. ठिणगी पडल्यापासून बार होईपर्यंत. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघतो."

मीही एकदा उडवून पाहिली. दोन्ही डोळे मिटले, चाप ओढला, भुर्र ऐकून दचकलो आणि नळी आभाळाकडे गेली. मामा इतकंच म्हणाले, "पुढच्या वेळी एक डोळा तरी उघडा ठेव. विमानतळ जवळ आहे."

आता रागाची गोष्ट. मी ती शांतपणे सांगणार होतो, पण जमेल असं दिसत नाही.

काळी दारू आणि चकमकी या देशात पिकत नाहीत. बाहेरून येतात. क्लबचे या जुन्या बंदुकांचे सभासद मिळून वर्षाला एक मागणी नोंदवायचे आणि खर्च वाटून घ्यायचे. सगळे हौशी, एक निवृत्त अमिराती गृहस्थ, त्यांना सगळे बू राशिद म्हणत, दोन-चार गोरे इंजिनिअर, एक लेबनीज दंतवैद्य आणि आमचे मामा. मग जहाजं लांबच्या वाटेने यायला लागली. विमा वाढला. दारूच्या डब्यामागे 'धोकादायक माल' म्हणून एक आकार लागला, तो साठवायचा दुसरा, तो हाताळायचा तिसरा. दर वाढला तसा एक जण गळला. एक गळला तसा बाकीच्यांचा वाटा वाढला. वाटा वाढला तसा आणखी एक गळला. दंतवैद्याने बंदूक विकून गोल्फच्या काठ्या घेतल्या. मामांनी त्याच्याकडे दात दाखवायला जाणं बंद केलं.

आणि या सगळ्यात शत्रूचा माणूस मामांच्या घरातच होता. तो म्हणजे मी. मी एका मालवाहतूक कंपनीत आहे. "आदरणीय ग्राहक, बाजारातील परिस्थितीमुळे नाइलाजाने" असे ईमेल लिहिणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. मी चांगले लिहितो. त्याबद्दल मला एकदा प्रमाणपत्रही मिळालं.

"जहाज लांबून आलं तर दगड मोठा होतो काय?" मामा आमच्या सोफ्यावर बसून मला विचारत.

"मामा, इंधन लागतं ना."

"मग आता जहाजं पुन्हा जवळून यायला लागली की तुझा तो सरचार्ज उतरणार?"

मी सोफ्याची उशी सारखी केली.

"उतरणार? तुझ्या नोकरीत एक तरी सरचार्ज उतरलेला पाहिलास?"

मी दुसरी उशी सारखी केली.

"शिरा पडो तुमच्या सरचार्जार!" मामा कडाडायचे. मग माझी बायको मेधा आतून म्हणायची, "मामा, आधी पोहे खाऊन घ्या, मग रागवा. गार होतायत." आणि माझी मुलगी सई मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणायची, "मामाआजोबा, चिल. जस्ट बाय अ न्यू गन."

"न्यू!" मामा म्हणायचे. एवढ्या एका शब्दावर त्यांचे पोहे खरंच गार व्हायचे.

गंमत अशी की मामा बरोबर होते. तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण माणूस बरोबर होता. महाग झालं ते श्रीमंतांचं काही नव्हतं. काही म्हाताऱ्या माणसांचा शनिवार महाग झाला होता, आणि तो महाग करणाऱ्यांपैकी एकालाही आपण काय महाग करतोय हे ठाऊक नव्हतं. कुठल्यातरी टेबलावर कुठलातरी माझ्यासारखा माणूस एका रकान्यातला आकडा बदलत होता आणि चहा पीत होता.

मग क्लबला नवा मॅनेजर आला. तरुण, गुळगुळीत, सगळ्यांना हबीबी म्हणणारा. त्याला जुन्या बंदुका फार आवडायच्या. भिंतीवर. "हेरिटेज" हा शब्द तो इतक्यांदा म्हणायचा, की मामांना त्या शब्दाने उचकी लागायची. त्याने पारंपरिक बंदुकांच्या मैदानाच्या जागी कॉफी शॉप काढायचं ठरवलं होतं. पण जुने सभासद रागावतील म्हणून त्याने एक सोय करून ठेवली: हिवाळ्याच्या वार्षिक स्पर्धेत जुन्या बंदुकीचा निदान एक तरी स्पर्धक उभा राहिला आणि त्याच्या बंदुकीतून बार झाला, तर मैदान राहील आणि दारूची पुढची मागणी जाईल. नाहीतर खलास.

हे मला काउंटरवरच्या जोजीने सांगितलं. जोजी केरळचा, मामांच्या रागाला सरावलेला. "साब, मामाजी को आप ही बोलो. मैं बोलेगा तो मेरे ऊपर चिल्लाएगा."

मी मामांना सांगितलं. ते माझ्यावर ओरडले.

तोवर जुन्या बंदुकांचे सभासद उरले होते दोघे. मामा आणि बू राशिद. आणि बू राशिदांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणजे उरले एकटे मामा. मागच्या खेपेची थोडी दारू क्लबच्या कोठीत शिल्लक होती, स्पर्धेपुरती नक्की. अडलं होतं ते चकमकीपाशी. दगड झिजतो. पाच-पन्नास बारांनंतर त्याची धार जाते, मग टोचून टोचून धार काढायची, मग उलटा लावायचा, शेवटी नखाएवढं बोटूक उरतं. मामांकडे फक्त अशी बोटुकं होती, आणि बू राशिदांकडे तीही नव्हती. एकेकाळी पाच दिरहमला मिळणारा दगड आता पंचवीसला झाला होता. "सहाशे रुपये! दगडाचे!" तरी त्यांनी परस्पर विलायतेहून मागवले. पाकिटावर पाठवणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं, बंदुकीचा भाग. कुरियरवाल्याने हात वर केले आणि पाकीट आल्या वाटेने परत गेलं. जाण्यायेण्याचं भाडं मामांना पडलं.

त्या दिवशी मामा आमच्याकडे आले ते बसलेच नाहीत. हॉलभर फेऱ्या मारत होते. "दगड!" म्हणत होते. "माणूस माणूस झाला तो या दगडाने! चूल याच्यावर पेटली! आणि आता त्याला परवाना?"

तेव्हाच त्यांच्या कंपनीतला एक इंग्रज सुट्टीवर गावी निघाला होता. त्याचं गाव समुद्राकाठी, आणि तिथल्या किनाऱ्यावर म्हणे चकमकीचे गोटे असेच पडलेले असतात. मामांनी त्याला गळ घातली. तो आला तो खिशात एक गोटा घेऊन. मुठीएवढा, काळाभोर, समुद्राने गुळगुळीत केलेला, आणि त्यावर एका अंगाला पांढरी गोल रेघ. फोडला तर त्यातून आठ-दहा तरी चकमकी निघाल्या असत्या. मामा ऑफिसमधून थेट आमच्याकडे आले. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

"किती घेतले?" मेधाने विचारलं.

"काही नाही! फुकट!" मामा म्हणाले. आणि तो शब्द त्यांनी पुन्हा एकदा सावकाश म्हटला, लहान मूल नवीन शब्द म्हणतं तसा. "फु-क-ट."

त्यांनी गोटा बेसिनमध्ये साबणाने धुतला आणि सुकायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आमच्या घरात त्या कट्ट्याच्या शेजारीच आईचा देव्हारा आहे. आई तेव्हा खाली फिरायला गेली होती. तेवढ्यात जोजीचा फोन आला. क्लबने कपाटाचं भाडं वाढवलं होतं. पुढचं मी सांगायला नको. मामा फोनवर ओरडत चपला घालून, ओरडत लिफ्टमध्ये शिरले आणि ओरडतच खाली गेले. मजल्यामजल्यावर आवाज बारीक होत गेला. गोटा कट्ट्यावरच राहिला.

आई आमच्याकडे राहायला आल्यापासून एकाच गोष्टीने खंतावलेली होती. तिचा शाळिग्राम पुण्याला माझ्या धाकट्या भावाकडे राहिला होता. सामानाच्या गडबडीत तो यायचा राहिला आणि तेव्हापासून ती पूजेला बसली की म्हणायची, "सगळे आहेत, तोच नाही." महिन्यापूर्वीच तिने मामांना सांगितलं होतं, "बाळा, माका एक शाळिग्राम बघ रे कुठे मिळता तर." मामा अर्थातच ओरडले होते. "आक्का, ह्या वाळवंटात खंयसून हाडू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा गोटा न्यायला आले. हातात लहान हातोडी, पिशवीत चामड्याचे तुकडे. कट्टा रिकामा होता. देव्हाऱ्यात ताम्हनात गोटा बसला होता. चंदन लावलेला, वर बाल्कनीतल्या कुंडीतल्या तुळशीचं पान, समोर दुधाची वाटी. आईने त्याला सकाळी पंचामृताने न्हाऊ घातलं होतं.

"बाळा," आई म्हणाली, "ओरडलंस माझ्यावर, पण हाडलंस हां. आणि काय सुंदर चक्र आसा रे ह्याच्यावर."

मी मामांकडे पाहिलं. त्यांचे कान तांबडे झाले. तोंड उघडलं. मेधा पदर सावरून पुढे झाली, मी सईला आत जा म्हणून खुणावलं. आता घर हादरणार.

मामांनी तोंड मिटलं. हातोडी पाठीमागे नेली.

"व्हय, आक्का," ते म्हणाले. "सांबाळून ठेव."

त्या दिवसानंतर मामांऐवजी मीच बिघडलो. मला संताप यायला लागला. स्पर्धा तोंडावर आली होती. मैदान त्या एका दगडावर अडलं होतं आणि दगड आमच्या हॉलमध्ये दूध पीत होता. मी मामांना गाडीत म्हटलं, "मामा, मी पुण्याहून खरा शाळिग्राम मागवतो. आईला सांगू, अदलाबदल करू, काय त्यात?"

"येईपर्यंत स्पर्धा होऊन जाईल."

"मग मी आज रात्री हळूच उचलतो. सांगू हरवला."

मामांनी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली. मागून हॉर्नचा पाऊस. "आक्काचो देव हरवलो म्हणून सांगतलंस तिका?" मामा किंचाळले. "पुन्हा बोललास तर इथेच उतर आणि चालत जा शारजाक!" मी उतरलो नाही. पण त्यांच्या आवाजावरून चालत जाणं बरं असं वाटलं.

त्यांनी बाकीचे उपाय केले. नाइफ भागातल्या बाजारात जाऊन अंगठीत बसवायचे अकीक पाहिले. अकीकचीही ठिणगी पडते म्हणे. पण हवा तेवढा मोठा खडा मागितल्यावर दुकानदाराने जी किंमत सांगितली, त्यावर मामांनी त्याला विचारलं की यासोबत नवरी मिळते का. मग ते बोटुकं घेऊन बसले. चष्मा लावून, पितळी टोच्याने, आमच्या बाल्कनीत, कणकण धार काढत. रोज एक बोटूक तुटायचं. शेवटी त्यातल्या त्यात बरं असं एक उरलं.

स्पर्धेच्या सकाळी आई लवकर उठून तयार बसली होती. मामा तिच्या पाया पडायला वाकले तसा तिने रेशमी फडक्यात गुंडाळलेला गोटा त्यांच्या हातात दिला. "ह्येका सोबत घेऊन जा. तुझ्या पाठीशी ऱ्हवांदे. आणि सांजेक परत हाड."

मी मनात म्हटलं, देवच पावला.

क्लबवर मैदानाच्या कडेला नव्या कॉफी शॉपच्या खुर्च्या येऊन पडल्याच होत्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मॅनेजर हबीबी हबीबी करत हिंडत होता. बू राशिद काळा चष्मा लावून खास आले होते. त्यांनी मामांना मिठी मारली, नाकाला नाक लावलं आणि म्हणाले, "यल्ला, बाल." यल्ला म्हणजे चल, आणि बाळ हे मामांचं नाव त्यांना तेवढंच जमत होतं. नियम जोजीने वाचून दाखवला. तीनदा बंदूक पेटली नाही तर स्पर्धक बाद.

मामांनी बंदूक भरली. उभे राहिले. दगडासारखे स्थिर. चाप ओढला. खट्ट. ठिणगी नाही.

मॅनेजरने मोबाइल काढला, व्हिडिओ घेण्यासाठी.

मामांनी बोटूक फिरवून लावलं. पुन्हा उभे राहिले. खट्ट. एक ठिणगी पडली, दारूच्या बाजूला पडली आणि विझली. कोणीतरी हसलं. मला तो चेहरा अजून ओळखता येईल. त्याचं नुकसान झालेलं मला चालेल.

आता एक संधी उरली होती. मी दोरी ओलांडून मामांच्या जवळ गेलो. त्यांच्या खिशात तो गोटा फुगून दिसत होता. बाकावरच्या पेटीत हातोडी होती. "मामा," मी म्हटलं, "फोडा. एक कपची काढा फक्त. आईला सांगू हातातून पडला. मी सांगतो, मी पाडला म्हणतो. मामा, इथे तुमचं सगळं जातंय!"

त्यांचा हात खिशाकडे गेला. गोटा बाहेर निघाला. रेशमी फडकं सुटलं. त्याला अजून सकाळचं चंदन होतं. मामांनी तो हातात तोलला, काळजीने, पारख्याच्या हाताने. कुठे टोला घातला तर कसा फुटेल हे त्यांना नेमकं दिसत होतं, आणि मलाही त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मग त्यांनी अंगठ्याने चंदनाचा टिळा सारखा केला, फडकं गुंडाळलं आणि गोटा माझ्या हातात दिला.

"धर नीट," ते म्हणाले. "रोज आंघोळ घालता ती त्येका. मी तिच्यासमोर हो म्हटलंय, भाच्या."

आणि वळून ते तिसऱ्यांदा उभे राहिले. घोडा चढवला. नेम धरला. चाप ओढला.

खट्ट.

मामा तसेच उभे राहिले. बार होणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं, तरी ते त्या फटीत उभे राहिले, बराच वेळ, जणू अजून होईल. मग बंदूक खाली केली. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. "ग्रेट हेरिटेज मोमेंट, हबीबी!" मला वाटलं मामा आता त्याला धरतील. मी तर वाट पाहत होतो. पण मामा म्हणाले, "थँक यू."

थँक यू! त्या दोन शब्दांचा राग मला अजून आहे.

मैदान गेलं. मामांच्या निवृत्तीची तारीखही त्याच सुमारास आली. बंदूक भारतात नेता येईना, विकत घ्यायला कोणी उरलं नव्हतं, तेव्हा क्लबने ती "शोभेसाठी" ठेवून घेतली. मामांनी वादही घातला नाही. कुडाळला जायच्या आधी चार दिवस आमच्याकडे राहिले. चहा एक दिरहमचा दीड, दीडचा दोन झाला होता. मामांनी दोन दिले आणि प्यायले. विमानतळावर जादा सामानाचे पैसे मागितले, तेव्हा ते म्हणाले, "किती ते सांगा." मेधाने माझा हात घट्ट धरला.

तिकडून फोन यायचे. नारळ महाग झाले का? "झाले असतील." रस्ता झाला का? "होईल." लाइट जाते का? "येते परत." आई फोन ठेवून माझ्याकडे बघायची. "बाळाक काहीतरी झालाहा," ती म्हणायची. "रागावणां नाय तो." तिने शाळिग्रामाला मामांच्या नावाने एक जास्तीचं तुळशीपान वाहायला सुरुवात केली. तेही मीच बाल्कनीतून तोडून देतो.

मागच्या महिन्यात सईच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला मला पुन्हा क्लबवर जावं लागलं. वाढदिवस त्याच कॉफी शॉपमध्ये होता. आत शिरताच समोरच्या भिंतीवर मामांची बंदूक. खाली पितळी पाटी, बाजूला दिव्यांची माळ, शेजारी केकचं कपाट. मी जवळ गेलो. घोड्याच्या जबड्यात चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा होता. काळ्या रंगाने रंगवलेला, चिकटवलेला, आणि तोही उलटा.

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी आयुष्यात हॉटेलात भाजी परत पाठवलेली नाही. मी सरळ मॅनेजरसमोर गेलो आणि टेबलावर हात आपटला. "लाकूड?" मी ओरडलो. "यह किसने लगाया? इसमें से ठिणगी पड़ती है क्या? कॉफी पच्चीस दिरहम की बेचते हो, म्हणजे सहाशे रुपये, और एक पत्थर नहीं लगा सकते? पच्चीस दिरहम का पत्थर माँगा था उस आदमी ने!" हिंदी संपली तिथे मराठी आली, मराठी संपली तिथे मालवणी आली, जी मला येतच नाही. केक कापायचा थांबला. जोजी काउंटरमागे खाली बघत होता. त्याचे खांदे हलत होते. त्याने मला नंतर डब्यात बांधून केक दिला. पैसे घेतले नाहीत.

गाडीत सई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं हिला माझी लाज वाटली असेल. मग म्हणाली, "बाबा, यू साउंडेड एक्झॅक्टली लाइक मामाआजोबा." आणि थोड्या वेळाने, "इट वॉज काइंड ऑफ ऑसम."

घरी आलो तो मामांना फोन लावला. आई सांजवात लावत होती, म्हणून स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. बंदूक, पाटी, दिव्यांची माळ. मामा "हं, हं" करत होते. मग मी लाकडाचं सांगितलं.

पलीकडे शांतता. छोटीशी. ठिणगी पडल्यानंतर असते तेवढी.

"लाकूड?" मामा म्हणाले.

"लाकूड, मामा. उलटं."

"लाकूड लावलान? माझ्या घोड्याच्या तोंडात लाकूड? शिरा पडो त्याच्या तोंडार! त्या जोजीक फोन दी! आत्ताच्या आत्ता दी! आणि तू काय करीत होतंस तिथे, केक खात होतंस? काय घेतात रे केकाचे? किती? किती म्हटलंस? म्हणजे किती रुपये झाले? अरे मेल्यांनो..."

आवाज एवढा वाढला की मेधा स्वयंपाकघरातून पळत आली. मी फोन हातभर लांब धरला. आईने निरांजन खाली ठेवलं, शाळिग्रामाला हात जोडले आणि मेधाकडे वळून म्हणाली,

"बाळ बरो झालो गो!"